नव्वद नंबर

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं रूममेट म्हणाली तेव्हा मी आधी हसण्यावारीच नेलं. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दोन रुपये दंड, आणि मराठीच्या पेपरात 'पाणउतारा' म्हणजे 'धबधबा' असं लिहून आलेली मी मुलगी. कविता मला होत नाहीत. 'हॉस्टेलचे ते दिवस' हा लेख दरवर्षी कुणीतरी लिहितंच. मग उरलं काय? ऑईल! हो, गाडीच्या गिअरबॉक्समधलं ऑईल. हसू नका. जेमतेम दोन लिटर सुद्धा नसलेल्या त्या ऑईलनं २०२४ च्या हिवाळ्यात माझा जो काही पाणउतारा केला (अर्थ आता पक्का कळलाय) तो इथे सांगायचा आहे.

नाशिकला गंगापूर रोडला माझी मावशी राहते. तिच्याकडे २००२ सालची होंडा सिटी आहे. सिटी म्हटलं की आत्ताची लांबलचक गाडी डोळ्यासमोर आणू नका. ही जुनी, बुटकी, चौकोनी सिटी, पंधराशे सीसीची, व्हीटेक इंजिनवाली. हे इंजिन भारतात २००० साली आलं आणि त्याची ताकद होती १०६ हॉर्सपॉवर. तेव्हा घरोघरी जी मारुती ८०० असायची तिची ३७, यावरून अंदाज करा. २००३ मध्ये सिटीचं नवीन मॉडेल आलं, त्याचं ॲव्हरेज चांगलं होतं पण इंजिन ७७ हॉर्सपॉवरचं. त्यामुळे जुन्या व्हीटेकसाठी जीव टाकणारी माणसं अजूनही भेटतात. आमचे काका, म्हणजे मावशीचे मिस्टर, त्यांच्यातलेच. 

काका २०१९ मध्ये गेले. गाडी राहिली. २०२२ मध्ये तिच्या पुनर्नोंदणीची वेळ आली तेव्हा त्याचं शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालेलं होतं, वर पर्यावरण कर वेगळा. सगळे नातेवाईक म्हणाले, आता विकून टाक. मावशी मुकाट्यानं आरटीओत गेली, पैसे भरले आणि येताना पेढे घेऊन आली. विषय संपला.

मावशी आडगावकडच्या एका शाळेत मराठी शिकवते. (हो, माझी मावशी मराठीची शिक्षिका. 'धबधब्या'चा किस्सा अख्ख्या खानदानात तिनंच पसरवला.) गाडी ती शिकली बेचाळिसाव्या वर्षी, याच सिटीवर, काकांकडून. काकांचं एक वाक्य ती अजून म्हणते : "गिअर ढकलायचा नसतो, ठेवायचा असतो." आणि त्या गाडीचा गिअर खरंच तसा होता. लहानसा दांडा, मनगट हललं की काम झालं. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना एक बारीकसा 'टक्' यायचा, दार नीट लागल्यासारखा. मी अकरावीत असताना मावशीनं मला एकदा तो नुसता हातात धरू दिला होता, गाडी बंद असताना. मेकॅनिकलला मी का आले, असं इंटरव्ह्यूत विचारलं की मी दुसरंच काहीतरी सांगते. खरं कारण तो 'टक्' आहे.

तर झालं असं की २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडे गेले. थर्ड इयरला आलेली, मशीन डिझाईन नुकतंच सुरू झालेलं, डोक्यात हवा पुरेशी. गाडी चालवून पाहिली तर गिअर थोडे कोरडे वाटले, म्हणजे मला वाटले. मावशीची काहीच तक्रार नव्हती. मी म्हटलं, "मावशी, गिअर ऑईल कधी बदललंस?" तिला आठवेना. "काका बघायचे ते सगळं." झालं! मला काम मिळालं.

दुकानात जाऊन मी सर्वांत भारी डबा मागितला. दोन डबे समोर आले. एकावर जीएल-४, दुसऱ्यावर जीएल-५. आता तुम्हीच सांगा, चार मोठे की पाच? पुन्हा पाचच्या डब्यावर लिहिलेलं, अतिदाबाखाली जास्तीत जास्त संरक्षण. स्पोर्टी गाडी, तिला तर जास्तच संरक्षण हवं! शिवाय ८०डब्ल्यू-९०, म्हणजे चांगलं जाडजूड. माझा हिशोब सरळ होता : इंजिनात तीस नंबर असतं, हे नव्वद, म्हणजे तिप्पट दणकट. असा हिशोब करणाऱ्या मुलीला विद्यापीठानं तोवर चार सेमिस्टर पास केलेलं होतं, ही गोष्ट वेगळी.

द्वारकेच्या पुढे काकांच्या ओळखीच्या चाचांचं गॅरेज आहे. तीस वर्षांपासून ते गाड्यांखाली झोपताहेत. त्यांनी डबा हातात घेतला, फिरवला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "बेटा, ये तो नव्वद नंबर है. ह्या गाडीत पातळ पडतं. इंजिनचंच टाक."

गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑईल! मला इतकं हसू आलं की मी ते लपवलं पण नाही. म्हटलं, "चाचा, गिअरबॉक्सला गिअर ऑईलच लागतं. पुस्तकात आहे." चाचांनी मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "टाका हो, इंजिनिअर होतेय ती." ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. चाचांनी खांदे उडवले आणि पाना उचलला.

नवीन ऑईल पडल्यावर गाडी आणखी शांत चालायला लागली, हे मान्य करायला हवं. जाड ऑईलमध्ये दात कमी वाजतात. नोव्हेंबरची दुपार होती, ऊन होतं, गिअर बरे पडत होते. मी खूष होऊन हॉस्टेलला परत आले आणि मेसमध्ये दोन दिवस या विषयावर व्याख्यान दिलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "अगं, माझ्या उजव्या... नाही, डाव्या हातात काहीतरी झालंय. सकाळी दुसरा गिअर पडतच नाही. जोर लावावा लागतो, मग कर्र करून पडतो. खांद्यानं दगा दिला वाटतं." मावशीला आधीपासून फ्रोझन शोल्डरचा त्रास होताच, त्यामुळे तिला शंकाच आली नाही. आणि खरं सांगते, मला आली. अगदी लगेच आली. पोटात एक गोळा आला आणि मी म्हटलं, "फिजिओथेरपी घे ना मावशी."

काय पण सल्ला!

पुढच्या फोनला कळलं की फिजिओ सुरू झाली आहे. त्याच्या पुढच्या फोनला कळलं की शाळेत रिक्षानं जाते, कारण गतिरोधकावर तिसऱ्यातून दुसरा न पडल्यामुळे मागचे हॉर्न वाजवतात आणि तिला घाम फुटतो. आणि त्याच्याही पुढे एकदा सहज म्हणाली, "कुणीतरी गाडी बघायला येणार आहे रविवारी. आता वय झालं गं, गाडीचं पण आणि माझं पण." ती चोपन्न वर्षांची आहे. बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकलेली बाई हे बोलत होती.

आता व्हायव्हाची गोष्ट. आमच्या ओरलला बाहेरचे सर आले होते, शांत, पान खाल्लेले. मला विचारलं, हायपॉईड गिअरला वेगळं ऑईल का लागतं? हा प्रश्न मी चांगला वाचलेला. धडाधड सांगितलं : हायपॉईडमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊन व्हीलच्या अक्षापासून सरकवलेला असतो, त्यामुळे दात नुसते एकमेकांवर गडगडत नाहीत तर लांबीच्या दिशेनं घासतात, तिथे ऑईलचा पातळ थर टिकत नाही, म्हणून सल्फर-फॉस्फरसचे घटक घालतात, ते गरम झाल्यावर पोलादावर एक निसरडा थर तयार करतात, हेच जीएल-५. सर म्हणाले, "छान. मग हेच ऑईल साध्या गिअरबॉक्समध्ये का नको?"

मी तोंड उघडलं. "कारण सर, गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर असतो, आणि त्याला निसरडेपणा नको असतो, त्याला..." आणि तिथेच थांबले. माझ्या तोंडून उत्तर येत होतं आणि डोळ्यांसमोर मावशी रिक्षात बसलेली दिसत होती.

"त्याला घर्षण हवं असतं, करेक्ट," सरांनीच वाक्य पूर्ण केलं. ओरलला मला चांगले मार्क पडले. आयुष्यात इतके लाजिरवाणे मार्क मी मिळवलेले नाहीत.

ज्यांनी सिंक्रोनायझर नुसता पाठ केलाय (म्हणजे आपण सगळेच) त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण मलाही तो त्या रात्रीच पहिल्यांदा समजला. गिअर बदलताना दोन फिरणाऱ्या गोष्टींचा वेग वेगळा असतो. त्या तशाच एकमेकींत घुसवल्या तर दात करकरतात. म्हणून मध्ये एक पितळी रिंग असते, आतून शंकूच्या आकाराची. तुम्ही दांडा लोटलात की ती आधी गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घासून दोघांचा वेग सारखा करते, आणि वेग सारखा झाला की मगच स्लीव्हला पुढे जाऊ देते. दारावरच्या वॉचमनसारखी. कॅडिलॅकनं हे १९२८ मध्ये गाडीत आणलं, त्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला डबल क्लच मारून हे काम स्वतःच्या पायानं करावं लागे.

म्हणजे ही रिंग एक छोटासा कोन क्लच आहे. फॉर्म्युला सगळ्यांना पाठ आहे : टॉर्क म्हणजे म्यू गुणिले बल गुणिले त्रिज्या, भागिले साईन अल्फा. मेसच्या टेबलवर बिलाच्या मागे मी आकडे टाकले. समजा कोन ७ अंश, त्रिज्या ३० मिलिमीटर, स्लीव्हवर बल ४०० न्यूटन. म्यू ०.१ धरला तर टॉर्क येतो जवळपास १० न्यूटन मीटर. ऑईल निसरडं असल्यामुळे म्यू ०.०७ वर आला तर उरतात ७. आता वेग सारखा करायला आधीच्या जवळजवळ दीडपट वेळ लागणार, किंवा हातानं दीडपट जोर लावावा लागणार. आणि तो दीडपट जोर कुणाच्या खांद्यातून येणार होता?

एवढ्यावर भागलं नाही. रिंगेवर बारीक खाचा असतात, त्या शंकूवरचं ऑईल पुसून काढतात, तेव्हा कुठे पितळ पोलादाला भिडतं. ऑईल थंडीनं घट्ट झालं असेल तर ते पुसलंच जात नाही, रिंग नुसती तरंगते. म्हणून सकाळी कर्र, आणि दहा किलोमीटर गेल्यावर ठीक. आणि दुसराच गिअर का? हे मला फार उशिरा सुचलं. वरचा गिअर टाकताना आतल्या शाफ्टचा वेग कमी करायचा असतो, जाड ऑईलचा अडथळा त्याला उलट मदतच करतो. खालचा टाकताना वेग वाढवायचा असतो, तिथे तेच ऑईल पाय ओढतं. तिसऱ्यातून दुसऱ्यात येणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. मावशी फोनवर जे जे सांगत होती ते शब्दन् शब्द बरोबर होतं. फक्त तिनं दोष स्वतःच्या हाताला दिला होता.

मग नव्वद आणि तीसचं काय? तेही सांगते, कारण आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये हा गैरसमज माझ्या एकटीचा नाही. इंजिन ऑईलची मोजपट्टी वेगळी आणि गिअर ऑईलची वेगळी! शंभर अंश सेल्सिअसला इंजिनचं तीस नंबर असतं ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स. गिअर ऑईलचं ८० नंबर असतं ७ ते ११. म्हणजे इंजिनचं तीस आणि गिअरचं ऐंशी ही जवळपास सख्खी भावंडं. नव्वद सुरू होतं १३.५ पासून. तिप्पट वगैरे काही नाही, पण त्या सिटीला हवं त्यापेक्षा घट्ट मात्र नक्की.

माझा तरी विश्वास बसेना म्हणून लॅब असिस्टंट काकांच्या हातापाया पडून मी रेडवूड व्हिस्कोमीटर लावून घेतला. (ज्या यंत्राला आपण फक्त जर्नलच्या रीडिंगपुरतं ओळखतो, ते खरंच चालतं!) डब्यात उरलेलं नव्वद आणि दुकानातून आणलेलं १०डब्ल्यू-३०. साधारण ३० अंशाला पन्नास मिली खाली यायला इंजिन ऑईलला साडेसात मिनिटं लागली. नव्वद नंबरला पंधरा मिनिटं उलटून गेली. रूममेट तोवर चहा घेऊन आली. काका म्हणाले, "हे तीस अंशाला आहे बरं का." नाशिकला त्या आठवड्यात पहाटे पारा दहाच्या खाली जात होता.

शुक्रवारी रात्रीची एसटी पकडली. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

खिडकीतून गार वारा येत होता आणि मी मावशीला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते. आधी इंग्रजीत जुळवली, कारण सॉरी म्हणणं मला इंग्रजीतच सोपं जातं, ते कसं, दोन अक्षरांत उरकतं. मग वाटलं, मावशीला इंग्रजीत सॉरी म्हणणं म्हणजे पळवाट. मराठीत 'माझं चुकलं' म्हणायचं तर त्याच्यापुढे 'काय' हे पण सांगावं लागतं.

सकाळी सहाला घरी पोचले. मावशी दारात, खांद्याला गरम पाण्याची पिशवी. मी चप्पल पण काढली नाही. म्हटलं, "मावशी, तुझा हात ठीक आहे. म्हणजे खांदा दुखत असेल, पण गिअर त्याच्यामुळे अडत नाहीये. मी चुकीचं ऑईल घातलं. चाचा सांगत होते ते बरोबर होतं. माझं चुकलं."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझा हात नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं पिशवी खाली ठेवली, स्वतःचा डावा हात समोर धरून मूठ उघडली, मिटली. मला वाटलं आता हसेल. पण ती म्हणाली, "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, व्हायव्हात. मग मलाच राहवलं नाही, म्हणून म्हटलं, "शंका तुझ्या पहिल्याच फोनला आली होती."

"पहिल्या फोनला." तिनं बोटं मोजली. "तीन आठवडे झाले. आणि तू मला फिजिओकडे पाठवलंस." ऑईलबद्दल ती मला आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. त्या तीन आठवड्यांबद्दल मात्र दुपारपर्यंत बोलली नाही म्हणजे अक्षरशः बोलली नाही. पोहे पुढ्यात ठेवले, आणि शाळेचे पेपर तपासत बसली.

गाडीच्या कप्प्यात मॅन्युअल सापडतं का बघायला मी गेले. मॅन्युअल केव्हाच कुणीतरी नेलेलं. काकांची वही मात्र होती, लाल पुठ्ठ्याची. ही वही मी दिवाळीतही पाहिली होती. उघडून मिटली होती, कारण काकांचं अक्षर गिचमिड, सगळं मराठीत, आकडे पण मराठी, आणि मला हातानं लिहिलेलं मराठी वाचायला वेळ लागतो. या वेळी पायरीवर बसून पहिल्या पानापासून लावत गेले. पेट्रोल, हवा, पट्टा, प्लग. तीन ठिकाणी तीच नोंद, वेगवेगळ्या वर्षांची : 'गि. ऑ. बदलले. कंपनीचे एमटीएफ. न मिळाल्यास इंजिनाचे १०/३०, तात्पुरते. घट्ट नको.' 'घट्ट नको' खाली रेघ होती.

दहा सेकंदांचं काम होतं दिवाळीत. असो.

वही बरोबर घेऊन चाचांकडे गेलो. गाडी मावशीनंच नेली, डबल क्लच मारत, एकदाही कर्र न करता. मी बघतच राहिले. काकांनी तिला तेही शिकवलं होतं, ती फक्त रहदारीत घाबरत होती. चाचांना मी सांगायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "मालूम है. पिछले हफ्ते आवाज सुना मैंने रोड पे." मग वर बघून, "मॅडमला बोललो नाही. बच्ची है, समझेगी."

आधी वरचा भरायचा बोल्ट सैल करून मग खालचा काढायचा, हे त्यांनी मला करायला लावलं. खालचा आधी काढला आणि वरचा जाम निघाला तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सनं उभी! (हे पुस्तकात नाही. लिहून घ्या.) ऑईल आलं मधासारखं, सावकाश, धार न तुटता. खालच्या बोल्टला लोहचुंबक असतं, त्याच्यावर काळपट लोण्यासारखा बारीक थर होता. चाचांनी तो बोटावर घेऊन चोळला, उन्हात धरला. खडे नव्हते. पितळेची चमक नावालाच. जास्त सल्फरवालं ऑईल गरम होऊन वर्षानुवर्षं राहिलं तर पितळेला काळं करू शकतं, पण इथे महिना-दीड महिनाच झाला होता. रिंगा शाबूत होत्या. माझ्या जिवात जीव आला.

कंपनीचं एमटीएफ शनिवारी दुपारी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मिळालं. चाचांनी आधी साधं १०डब्ल्यू-३० घालून गाडी तासभर फिरवून आणायला सांगितली, आतलं उरलंसुरलं नव्वद नंबर धुऊन निघावं म्हणून. मी विचारलं, "मग इंजिनचंच ठेवलं तर काय बिघडतं?" ते म्हणाले, चालतं, पण पुढे पुढे गिअर परत कडक होतात. नंतर वाचलं, तर होंडाच्या जुन्या मॅन्युअलमध्येही हेच आहे : इंजिन ऑईल तात्पुरतं चालेल, पण त्यात गिअरबॉक्सला लागणारे योग्य घटक नसतात. मग एमटीएफ. सपाट जागेवर गाडी, आणि वरच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत भरायचं. ॲल्युमिनियमचे वॉशर नवीन. वर्षभराच्या प्रॅक्टिकलपेक्षा जास्त काम झालं.

तेव्हापासून वर्गातली मुलं मला विचारतात, माझ्या गाडीत कुठलं टाकू, सगळ्यांत स्मूथ कुठलं? मी नाव सांगत नाही. काही गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं, काहींना चक्क ऑटोमॅटिकचं एटीएफ लागतं, काहींना कंपनीचं स्वतःचंच. ज्यानं त्या पितळी रिंगेचं घर्षण ठरवलं, त्यानंच ऑईलही ठरवलेलं असतं. पार्किंगमधल्या चर्चेत हे कुणाला पटत नाही, कारण सगळ्यांना डब्यावरचा मोठा आकडा आवडतो. मी कुठल्या तोंडानं हसू?

रविवारी सकाळी सात वाजता मावशीनं गाडी काढली. स्वेटर घालून मी शेजारी. तिनं अजून माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. कॉलनीच्या टोकाला गतिरोधक आहे. तिनं तिसऱ्यावरून क्लच दाबला, मनगट मागे आणलं.

टक्.

पुढच्या गतिरोधकाला पुन्हा. मग ती आनंदवलीपर्यंत उगाचच गेली, वाटेत जिथे गरज नव्हती तिथेही दुसरा टाकत. परतताना म्हणाली, "खांदा दुखतोच आहे हं." मी म्हटलं, हो, फिजिओ चालू ठेव. "ठेवणारच आहे. पैसे आगाऊ भरलेत, तुझ्यामुळे." हे ती हसत म्हणाली की नाही ते मला बाजूनं नीट दिसलं नाही.

अकरा वाजता गिऱ्हाईक आलं. चहा प्यायलं. मावशीनं त्याला गाडी दाखवली, इंजिन चालू करून दाखवलं, व्हीटेकची माहिती पण दिली, आणि शेवटी सांगितलं की विकायची नाहीये. तो माणूस बिचारा सिन्नरहून आला होता.

तो गेल्यावर तिनं कप्प्यातून लाल वही काढली, माझ्यासमोर टाकली. "लिही. तारीख घाल." मी पेन काढलं आणि इंग्रजीत सुरुवात केली, तर तिनं वहीवर बोट ठेवलं. "मराठीत. काकांनी लिहिलंय तसं." मग मी लिहिलं : 'गि. ऑ. बदलले. कंपनीचे एमटीएफ.' पुढे थोडी जागा उरली होती. मी विचारलं, "'घट्ट'ला दोन ट ना गं?"

"दोन," मावशी म्हणाली. "आणि खाली रेघ मार."